भोपळ्या अजून जाडच आहे

ती. आईस,
नमस्कार, आणि एक घट्ट मिठी.

आज प्रयोगशाळेत नुसता जल्लोष! उंदरांना टोपणनावं द्यायची नाहीत, जीव गुंततो, असं सर नेहमी बजावतात. आज तेच ओरडले, "अगं, भोपळ्याची गाठ विरघळली!"

भोपळ्या म्हणजे आमचा सगळ्यात जाड उंदीर. त्याच्या अंगातली चरबी कॅन्सरच्या पेशीच मटकवायच्या आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी उपाशी राहायच्या. औषधाने आम्ही तो हावरटपणा थांबवला.

माणसांपर्यंत यायला वेळ आहे, ठाऊक आहे मला. पण जाडीमुळेच आपल्याला गाठ झाली असं वाटून तू जेवण सोडलंस, असं बाबा म्हणाले. खरं का गं? तुझ्या आतही लढणाऱ्या पेशी आहेत, त्यांना आधी जेवू घाल.

भोपळ्या अजून तस्साच गलेलठ्ठ आहे, आणि मजेत चाकावर पळतोय.

तुझं,
शेंडेफळ