शेवटचा रिफ्रेश दादाचा

४ मार्च, सोमवार

आठच! कुठल्या गोदामातून किती माल गेला, त्या माझ्या रिपोर्टातले आकडे दिवसातून आठ वेळा आपोआप ताजे होणार, नवव्यांदा नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना जादा पैसे मोजले तर मर्यादा वाढते म्हणे. पण आमचा मॅनेजर कसला मोजतोय! उलट आज फर्मान — "आठही रिफ्रेश सकाळीच लावा. मोठे साहेब तुमचा रिपोर्ट बघितल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत."

आणि दादाचे ट्रक? त्याच्या गोदामातून माल निघतोच संध्याकाळी. रात्री जो आकडा दिसेल तोच त्या दिवसाचा म्हणून कायम होतो. म्हणजे दादाच्या नावावर रोज भोपळा! शुक्रवारी बैठक आहे. कंपनीच्या चार गोदामांपैकी एक बंद करणार. कुठलं, ते आकडे बघून ठरणार.

५ मार्च, मंगळवार

भांडले. सात सकाळी, एक संध्याकाळी — मिळवलाच! आधीपासून होता तसाच. "भाऊ आहे तिथे म्हणून ना?" मॅनेजर म्हणाला. हो, म्हणूनच! पण खोटा आकडा तर मागत नाही मी.

संध्याकाळी नेहमीसारखा दादाला फोन केला. ट्रक सुटले का? "सुटले," म्हणाला आणि ठेवला. हल्ली फार तुटक बोलतो.

६ मार्च, बुधवार

 आज रिपोर्टापुढे रिफ्रेश झाल्याची हिरवी खूण नव्हती. खाली निरोप — गेल्या दोन महिन्यांत हा रिपोर्ट कोणीही उघडलेला नाही, म्हणून आपोआप रिफ्रेश थांबवला आहे.

कोणीही नाही!! मग साहेबांचा तो चहा?

आणि मी तरी? हिरवी खूण दिसली की पर्स उचलायची नि घरी पळायचं. रोज स्वयंपाक करायचा आणि चव कधी घ्यायची नाही, तसलं झालं. स्वतःचीच लाज वाटली.

मॅनेजरला विचारलं. "साहेब छापील प्रत बघत असतील." छापतं कोण? माझ्याशिवाय कोणाला येत नाही! तो फाईल उचलून निघून गेला. 

७ मार्च, गुरुवार

रिफ्रेश पुन्हा सुरू केला आणि या वेळी रिपोर्ट उघडून बघितला. दादाचं गोदाम सगळ्यांत वर! दुसऱ्या क्रमांकाच्या गोदामाच्या दुप्पट माल बाहेर गेलाय! मी अशी ओरडले की शेजारचा हिशेबनीस खुर्चीतून पडता पडता वाचला.

प्रत छापली आणि थेट मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. आता करा म्हणावं बंद!

वहिनीला फोन केला. ती रडायलाच लागली. फोन ठेवूनच दिला तिने. आनंदाने, दुसरं काय!

८ मार्च, शुक्रवार

बैठक झालीच नाही. दादा आला होता ऑफिसात, गोदामाच्या किल्ल्या जमा करायला. जिन्यात गाठला. "माल विकला जात नव्हता गं. दुसऱ्या गोदामांत हलवत होतो. बंद करायचं आधीच ठरलं होतं, रिकामं करायला दोन महिने दिले होते साहेबांनी."

दोन महिने. रोज संध्याकाळी मी विचारायचे, ट्रक सुटले का? आणि तो म्हणायचा, सुटले.