गोष्टीतली आई कुठे गेली?

प्रिय ठकू,

समोर बसून बोलायला गेले तर तू रडशील, मग मी तुला पाणी आणून देईन आणि माझं बोलणं राहूनच जाईल. आयुष्यभर हेच झालंय. म्हणून लिहितेय. अगं, तुमच्या लेखक मंडळात वर्ष काढलं, एवढं तरी जमायला हवं ना मला!

मंडळात मला तूच नेलंस. बाबा गेल्यावर घरात कुढत बसू नकोस म्हणालीस. वाचनालयाच्या वरची ती खोली, डुगडुगणाऱ्या खुर्च्या, दाराशी मोबाइल बंद करून टाकायची टोपली. पहिले काही दिवस त्या जिन्यावर माझे पाय अडखळायचे, मग मजा वाटू लागली. मंडळ चालवणारे ते दातांचे डॉक्टर दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतात आणि संध्याकाळी स्वतःचं मिटत नाहीत, असं मी म्हणाले तेव्हा तू किती हसलीस! तुमची पद्धतही मला आवडली. लेखकाचं नाव सांगायचं नाही, वाचायचं दुसऱ्याने, आणि चर्चा संपेपर्यंत लेखकाने हूं की चूं करायचं नाही. मी जन्मभर बसस्थानकावर घोषणा केलेली बाई, गाडी रद्द झाली हेसुद्धा आवाज न हलवता सांगणारी. वाचायचं काम हळूहळू माझ्याकडेच आलं.

परवा डॉक्टरांनी एका गोष्टीचे कागद वाचायला माझ्या हातात दिले तेव्हा तू खिडकीशी बसली होतीस. दुसऱ्याच परिच्छेदात मला बाबांचा हिरवा स्वेटर भेटला. मग त्यांचं उशीखाली चष्मा ठेवणं. आणि मग मी! नवरा शेवटच्या घटका मोजत असताना आरशात बघून केस विंचरणारी, पर्स उचलून घरी झोपायला जाणारी बाई. आवाज न हलवता वाचत राहिले. तू नुसता हात वर केला असतास, आईला नको, दुसऱ्या कुणाला द्या म्हणाली असतीस, तरी मी सगळं पोटात घातलं असतं. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. नियम पाळलास, बाई!

त्यानंतरची चर्चा म्हणजे माझ्यादेखत माझीच लक्तरं. निवृत्त न्यायाधीशबाईंना ती आई कोरडी वाटली. तिचं बाहेर कुठेतरी काहीतरी असावं, असं आणखी कुणाला वाटलं. डॉक्टर म्हणाले, गोष्ट उत्तम आहे, वार्षिक अंकात पहिली घेऊ, पण आईच्या निघून जाण्याला कारण दिसत नाही, ते लेखकाने घालावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तूही डोलावलीस. मी घरी येऊन घासलेली भांडी पुन्हा घासली.

बाबा गेले त्या दिवशी दुपारी दवाखान्यात त्यांना बरं वाटत होतं. तुझी पहिली गोष्ट मंडळात वाचली जाणार होती, म्हणून त्यांनीच तुला हट्टाने पाठवलं. संध्याकाळी ते एकदम खालावले. तिला बोलाव, एवढंच म्हणाले. तुझा फोन लागेना. लागणार कसा, टोपलीत होता. नर्स म्हणाली, जाऊन घेऊन या, मी बसते यांच्यापाशी. केस विंचरले हे खरं आहे गं. तुझ्या लेखक मंडळींसमोर तुझी आई बावळट दिसू नये म्हणून. धापा टाकत जिना चढले, तर दाराशी हेच डॉक्टर उभे. वाचन चालू आहे, संपेपर्यंत थांबा म्हणाले. त्यांना मी आज आठवतही नाही. काचेतून तू दिसलीस. बाबा आजारी पडल्यापासून तुझा चेहरा इतका फुललेला मी पाहिला नव्हता. म्हटलं, पाच मिनिटं. आत टाळ्या पडल्या आणि माझा फोन वाजला. नर्स होती.

तुला त्या टाळ्यांतून ओढून बाबा गेले हे सांगायचा धीर मला झाला नाही. मी तशीच खाली उतरले. नंतर तू दवाखान्यात येऊन ओरडलीस, तू होतीस कुठे? मी म्हणाले, घरी जाऊन जरा पडले होते. खरं सांगितलं असतं तर तू पुन्हा पेन हातात धरलं नसतंस. तुझं लिहिणं टिकावं म्हणून मी वाईट झाले, आणि तू काय लिहिलंस, तर हे!

आता अंक छापायला जायचाय आणि तुला कारण सापडत नाहीये. काल फोन करून मलाच विचारलंस, आई, एखादी बाई अशी का गं निघून जाईल? जणू ती कुणी परकीच. मी उकळी आलेल्या दुधाची सबब सांगून फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. घे तुझं कारण. गोष्टीतल्या आईला त्या दाराबाहेर उभी करायची की घरी झोपू द्यायची, ते तू ठरव. इतके दिवस तुझ्यासाठी मी झोपलेलीच राहिले, ठकू. आता मला ते जमत नाही.

अजूनही तुझीच,
आई