खाडाखोड नसलेला निबंध

बाई, तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली असतील. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी निपाणीला आलेसुद्धा नाही. इथे बेंगळुरूत, जयनगरच्या दोन खोल्यांत बसून मी ई-पुस्तकं विकते. लिहिण्याच्या भानगडीत फारशी पडत नाही. जुने लेख, कुणाकुणाच्या ब्लॉगवरचं थोडं फिरवून घेतलेलं, घरबसल्या लिहिणाऱ्या बायकांकडून मागवलेलं, असं सगळं एकत्र करायचं, वर छानसं मुखपृष्ठ चढवायचं आणि ऑनलाइन दुकानात ठेवून द्यायचं. ‘मधुमेहींचा नाश्ता’, ‘बाल्कनीतली बाग’, ‘बाळाचं पहिलं वर्ष’. मला ना मधुमेह, ना बाल्कनी, ना बाळ. पण पुस्तकं खपतात. लेखिका म्हणून एका अनुभवी शिक्षिकेचं नाव असतं, त्यामुळे वाचणाऱ्यांचा भरवसा बसतो.

या धंद्यामुळे माझा कोणावर विश्वास राहिला नाही, असं मी लोकांना सांगते. दह्याच्या पाकिटावरची तारीख दोनदा वाचते, भाजीवालीच्या काट्याखाली वाकून बघते, रिक्षावाला लगेच ‘सरी, मॅडम’ म्हणाला तर हा एवढा पटकन तयार कसा झाला म्हणून बसायच्या आधीच धास्तावते. लिहिणाऱ्या बायकांवर तर माझा काडीचा विश्वास नाही. गेल्या महिन्यात देवनहळ्ळीहून एकीनं शिळ्या भाकरीच्या पदार्थांचं पुस्तक लिहून पाठवलं. आपल्याच बाजूची आहे, नवरा विमानतळावर सामान चढवायच्या कामाला. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, “अक्का, दर तुमी म्हणाल त्यो, पण पुस्तकावर नाव तेवढं माझं घाला.” मी नुसतं ‘बघू’ म्हणाले होते. वाचायला बसले तर पहिल्याच पानावर हे वाक्य: ‘उरलेल्या भाकरीवर पाणी शिंपडायच्या आधी, ती कुणासाठी थापली होती ते आठवावं.’ माझ्या कपाळाला आठी पडली. हे हिचं असणं शक्यच नाही. चोरी पकडणारी तीन सॉफ्टवेअर माझ्याकडे आहेत. तिन्हींना काही सापडलं नाही, तेव्हा माझा संशय आणखीच वाढला. फोन लावून सरळ विचारलं, “कुठून उचललंस हे?” ती म्हणाली, “माझंच हाय की, अक्का. आईच्या गळ्याशपथ.”

तिनं शपथ घेतली नसती, तर मी कदाचित विश्वास ठेवलाही असता.

कारण सातवीत शाळेच्या हस्तलिखितासाठी मी भुशाच्या शेगडीवरचा निबंध दिला, तेव्हा तुम्ही मला वर्गासमोर उभं केलं होतंत. तुमची ती निळ्या काठाची साडी मला अजून दिसते. “तुमच्याकडे तर गॅस आहे ना गं? मग हे कुठून आलं?” मी म्हणते, आजोळी शेगडी आहे, बाई. तुम्हाला ते पटत नाही. मग मी गळा चिमटीत धरून आईची शपथ घेते. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, “मी उगाच शंका घेतली, माझं चुकलं,” आणि पर्समधलं तुमचं शाईचं पेन काढून मला दिलंत. निबंधाची पानं वर धरून वर्गाला दाखवलीत. “बघा, एकही खाडाखोड नाही!” बाई, गूळ बांधून आलेल्या दिवाळी अंकाच्या पानावरून उतरवलेल्या निबंधात खाडाखोड कशी असेल? लिहिणाऱ्याचं नाव त्या पानावरून फाटून गेलं होतं. मला तेव्हा ते बरंच वाटलं होतं.

तर चोरी रंगेहाथ पकडायची म्हणून मी बसनं देवनहळ्ळी गाठली. प्लॉट पाडलेल्या नव्या लेआउटच्या टोकाला तिचं घर. ती भाकऱ्या थापत होती. मला बघून चिडली नाही, म्हणून मला आणखी शंका. “स्वल्प थांबा, वही दाखवतो,” म्हणाली आणि पिठाच्या हातानंच मुलीची जुनी वही घेऊन आली. त्यात ते वाक्य होतं. आधी ‘शिळी भाकरी टाकू नये’, त्यावर काट. मग ‘भाकरी टाकताना भूक आठवावी’, त्यावरही काट. अर्धं पान असं खोडत खोडत खाली गेलं होतं आणि अगदी तळाला ते वाक्य सापडलं होतं. मी विचारलं, कुणासाठी थापली होती? “आईनं. दादा येनार म्हणून. आला न्हाई,” एवढं बोलून तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मला लाज वाटली, बाई. कान गरम झाले, तुमच्या वर्गात व्हायला हवे होते तसे. निघताना तिनं विचारलं, “आता तरी नाव घालताय न्हवं?”

घातलं. कालपासून तिचं पुस्तक तिच्या नावानं दुकानात आहे. तो शेगडीचा निबंध ज्याचा कुणाचा होता, त्याचं नाव मात्र आता कुठून आणू? आणि आणखी एक सांगायचं राहिलंय. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणूनच सांगते. हा धंदा सुरू केला तेव्हा भरवसा बसेल असं दुसरं नाव मला सुचलं नव्हतं. बाकीच्या सगळ्या पुस्तकांवर तुमचं नाव आहे, बाई, आडनावासकट. आज सकाळपासून ते काढायला बसले आहे. अजून एकाही पुस्तकावरून काढलेलं नाही.