कार्टूनमधल्या म्हाताऱ्याला हसताना

अण्णा,

तुम्ही बघायचात ती जाड्या कचरागाडीवाल्याची कार्टून मालिका अजून चालू आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पांढरे व्हायला लागले, पण त्याचं वय तेवढंच आहे आणि अंगातली बनियनही तीच. आता आम्ही ती मोबाईलवर बघतो. मोठ्या माणसांसाठीही कार्टून असतं हे आईला अजून पटत नाही. खरं सांगायचं तर अलीकडचे भाग पूर्वीसारखे राहिले नाहीत. पूर्वी तो घोळ घालायचा आणि शेवटी बायकोसमोर मान खाली घालून बसायचा. आता नुसताच घोळ घालतो आणि भाग संपतो. बायकोला तर लिहिणारे विसरूनच गेलेत. एका इमारतीतल्या तीन शिवराळ म्हाताऱ्यांची एक नवी मालिका आहे, ती बरी आहे, पण सारखी शिवी आली नाही तर लोक उठून जातील अशी तिच्या लेखकांना भीती वाटत असावी. ऑफिसात आम्ही काही जण हे सगळं बघतो, व्हॉट्सॲपवर आमचा ग्रुप आहे. नवा भाग आला की मी त्यावर लिहिते आणि बघायचा की नाही ते बाकीचे त्यावरून ठरवतात. माझ्या मताला तिथं किंमत आहे, आणि मला ते आवडतं.

मध्यंतरी जाड्याच्या म्हाताऱ्या बापाला लकवा मारल्याचा भाग आला. तोंड एका बाजूला ओघळलेलं, एक डोळा अर्धा मिटलेला. म्हातारा काहीतरी मागतो, घरातले भलतंच ऐकतात, भलतंच आणून देतात. तो उशी मागतो तर त्याच्या मांडीवर शेजाऱ्यांचं कुत्रं आणून ठेवतात. मी हसले, अण्णा. नवरा माझ्याकडे बघत राहिला इतकी हसले. लगेच ग्रुपवर लिहिलं, 'या सीझनमधला सगळ्यात भारी भाग. म्हातारा म्हणजे कहर आहे.' मोबाईल खाली ठेवला तेव्हा कुठं तुमची आठवण आली. आधी नाही.

तुम्ही गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात उभे असायचात तेव्हाचा तुमचा आवाज मला रस्त्यापलीकडून ओळखू यायचा. 'या ताई, घेऊ नका, नुसतं बघा तर.' पुढची बाई दख्खनीत बोलली की तुम्ही दख्खनीत, खेड्यातली असली की खेड्यातल्यासारखं. थान उलगडेपर्यंत तिच्या माहेरची चौकशी झालेली असायची. आणि मग त्या सकाळी मोरीजवळ तुम्ही पडलात, आणि घाटी दवाखान्यातून घरी आलात तेव्हा हात थोडा हलत होता, पण शब्द गेले होते. मी कॉलेजातून दुपारी मुकुंदवाडीच्या घरी यायची तेव्हा तुम्ही कॉटवर भिंतीला टेकून बसलेले. करायचं काय म्हणून मी टीव्ही लावायची. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं. मी सांगत जायची, चावट असेल तिथं काहीतरी सोज्वळ जोडून द्यायची, आणि तुम्हाला ते कळायचं. भुवई उडवायचात.

एका दुपारी लागलेल्या भागात जाड्या दात काढायला जातो आणि सुईनं त्याचं तोंड बधिर होतं. मग तो दुकानात जाऊन बोबडं बोलत सामान मागतो. मी घाईनं रिमोट उचलते. तुम्ही चांगला हात माझ्या हातावर ठेवता आणि मान हलवता, राहू दे. आणि हसायला लागता. अर्ध्या तोंडानं, खांदे हलवत. मग आई आत येते तेव्हा तुम्ही मुद्दाम त्या जाड्यासारखेच डोळे फिरवून तिला चहा मागता, आणि मी गादीवर आडवी होऊन हसते. आई दारात थांबते.

'बापाला हसती का गं?'

तुम्ही म्हणता, 'हहू दे.' तेवढं म्हणायला तुम्हाला बराच वेळ लागतो. आई आत जाते, आणि चहा येतो तेव्हा तिचे डोळे लाल असतात. तुम्हाला खरंच हसू आलं होतं, की मला हसता यावं म्हणून तुम्ही ते केलंत, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही काहीतरी खूण केली असती.

ग्रुपवर त्या लकव्याच्या भागाबद्दल लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारच्या टेबलावरची, ग्रुपमधलीच मैत्रीण जेवायला आमच्यात बसली नाही. ती बिडकीनहून कंपनीच्या बसनं येते. चौकशी केली तेव्हा कळलं, दिवाळीनंतर तिच्या वडिलांना लकवा झालाय. ती कुणाला फार बोलली नव्हती. मी जिन्यात तिला गाठलं.

'मला माहीत नव्हतं गं.'

'माहीत असतं तर हसली नसतीस का?' ती म्हणाली. 'तुझ्या घरात झालं असतं म्हणजे कळलं असतं.'

ऑफिसात तुमच्याबद्दल कुणाला काही ठाऊक नाही. वडील हार्टॲटॅकनं गेले असं मी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, ते सोपं होतं. त्या दिवशी मात्र म्हटलं, 'माझ्या अण्णांनाही होता.'

ती म्हणाली, 'आणि तरी?'

मला काय सुचत होतं सांगू? तो भाग पुढं बदलतो हे तिला समजावावंसं वाटत होतं. उत्तरार्धात हसू म्हाताऱ्याचं होत नाही, त्याचं बोलणं कळल्याचं सोंग करणाऱ्या घरच्यांचं होतं, आणि लिहिणाऱ्यानं ते फार नीट जमवलंय. तिनं तो अर्ध्यातच बंद केला होता. माझं मत अजूनही तेच आहे, अण्णा, भाग चांगलाच आहे. पण तिच्या डोळ्यांसमोर उभी राहून माझ्या मनात हे येत होतं, याची मला जास्त लाज वाटते. जाता जाता तीच म्हणाली, 'घरी ये एकदा. लोकं येतात, आईशी बोलतात अन् जातात. बाबांशी बोलायला कुणी नाय.'

रविवारी गेले. पुढच्या खोलीत कॉट, वर पंखा, उशाशी औषधं. तिचे बाबा शेतकरी गडी, अंगानं तुमच्या दुप्पट. पण बोलले आणि तुम्हीच बोलताय असं वाटलं. शब्दाचं पहिलं टोक गेलेलं, मधला स्वर लांबलेला. त्यांनी काहीतरी म्हटलं, घरातले एकमेकांकडं बघायला लागले. मी म्हटलं, 'पंखा कमी करा म्हणताहेत.' ते लहान पोरासारखे हसले. माझ्या मैत्रिणीनं माझ्यापुढं पोह्यांची बशी सरकवली. आम्ही दोघींनी त्यांच्याशी पाऊसपाण्याचं बोलून घेतलं, ते मान डोलवत राहिले. सोमवारपासून ती पुन्हा आमच्यात जेवायला बसते. ग्रुपवर मात्र लिहीत नाही.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही. आई अजून चष्मा लावून हाती येईल ते वाचते आणि त्या दुपारचं ती कधी बोललेली नाही. लिहून झालं की फाडीन.

एक तेवढं राहिलं. रविवारी मी निघायला उठले तेव्हा तिच्या बाबांनी माझा हात धरला आणि काहीतरी म्हणाले. मैत्रीण म्हणाली, 'काय म्हणताहेत गं? तुला कळतं त्यांचं.' ते 'बस अजून' म्हणत होते. स्पष्ट कळलं मला. मी म्हटलं, 'नाही गं, हे नाही कळलं,' आणि चपला घातल्या.