माझ्या खुर्चीत तुझ्या गाठी

प्रिय मामा,

रागावून गेलेला भाचा पत्राच्या वर 'प्रिय' लिहितो म्हणजे कमालच आहे, असं तू म्हणशील. दुसरा शब्द शोधत बराच वेळ बसलो होतो. सुचला नाही, आणि खोटं लिहायचं नव्हतं. तुझी तब्येत विचारत नाही, ती मला कळली आहे. माझं विचारशील तर बरं चाललंय. बंदराजवळच्या एका गोदामात कामाला आहे, वरच्या मजल्यावर खोली आहे आणि खिडकीतून खालचा रस्ता दिसतो. आत्ता दोघं जण एक फ्रीज हातगाडीवर चढवताहेत आणि तिसरा बाजूला उभा राहून नुसता "हळू रे, हळू" म्हणतोय. मला हा तिसरा फार आवडलाय, हात लावत नाही बिचारा. पण ते असो. मला तुला एकच विचारायचंय. मामा, एक दिवस तरी तू ते दुकान खरंच माझ्या हातात दिलं होतंस का?

उत्तर मला माहीत आहे, तरी माझ्या बाजूनं एकदा सगळं ऐक. समोर असतो तर तू मधेच बोलला असतास, कागदावर तुला ते जमणार नाही.

तुझ्याकडे आलो तो चार दिवस पाय मोकळे करायला. तुझा तो खुर्च्या-सोफ्यांचा कारखाना म्हणजे पुढे दुकान, मागे लांबट खोली, सगळीकडे काथ्या, फोमचे तुकडे आणि डिंकाचा वास. पहिल्याच सकाळी मी बघितलं की तू आंघोळीला गेलास आणि सगळं दुकान थांबलं. लंबू हातात फळी धरून सुतारकामाच्या टेबलाशी उभा. आक्का शिलाई मशीनवर हात ठेवून बसलेली. फोम किती जाडीचा? मामांना विचारा. कापड उभं कापू की आडवं? मामा येऊ देत. चहा आत्ता मागवायचा की मग, तेसुद्धा मामांना विचारा. तू माझा मामा, पण अख्खी गल्ली तुला मामाच म्हणायची. जेवताना तुझा फोन वाजायचा तेव्हा मामी ताटातलं पुन्हा पातेल्यात टाकून गरम करायची आणि मला सांगायची, "ह्यांचं लग्न दुकानाशी झालंय बाबा, मी आपली वाढण्यापुरती." तू हसायचास. डॉक्टरांनी गुडघ्यांबद्दल तंबी दिली त्या दिवशी मात्र हसला नाहीस. गच्चीवर मला म्हणालास, "भिंगरी, मला सुटायचंय रे यातून. पण मी नसलो तर हे सगळं झोपेल." आठवतंय? मी मागितलं नव्हतं, तू बोललास.

आता मी काय मोठा शिकलेला नव्हे. शाळेनं मला आणि मी शाळेला एकमेकांच्या संमतीनं सोडलं. पण दहा ठिकाणी राबलोय. हॉटेलात भांडी घासली, कुरिअरच्या गोदामात होतो, एका बोटीवर तर असा स्वयंपाकी होतो की खलाशांनी मला डेक पुसायला लावलं. (ती गोष्ट वेगळी. कांदा किती वेळ परतायचा यावर दोन खलाशांची मारामारी झाली होती. पुन्हा कधीतरी.) त्या कुरिअरच्या गोदामातली बाई मालकीण असून जागेवर नसायची, आणि तरी काम अडायचं नाही. मी तिला विचारलं होतं, हे कसं काय? ती म्हणाली, "मी लोकांना उत्तरं देणं बंद केलं." ते मी तुला सांगितलं आणि तुझे डोळे चमकले.

मग आपण किती उत्साहानं केलं सगळं! एक खुर्ची एका माणसाची, उसवण्यापासून शेवटचा खिळा ठोकेपर्यंत. ज्याची खुर्ची त्यानंच गिऱ्हाइकाशी बोलायचं. परत आली तर त्यानंच उघडायची आणि काय चुकलं ते सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर सांगायचं. कुणी ओरडायचं नाही. आणि तुला कुणी काही विचारलं तर तू एवढंच म्हणायचं, "तुझं काय मत?" हे म्हणायला तुला जे कष्ट पडले ते आयुष्यभर सोफे उचलताना पडले नसतील. तोंडानं "तुझं काय मत" आणि हात कात्रीकडे! आक्कानं मोजायच्या पट्टीनं तुझ्या हातावर फटका मारला होता. "मामा, मत विचारलंत ना? मग ऐका की!" सगळे हसले, तूही हसलास. मला वाटलं, आपला मामा शिकतोय.

आणि मग तो दिवस. तू सगळ्यांना मागच्या खोलीत गोळा केलंस, किल्ली माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "आजपासून भिंगरी बघेल. मला कुणी काही विचारायचं नाही. मी आता सकाळी फिरायला जाणार." मामीनं तुझ्यासाठी पांढरे बूट आणले. तू ते घालून दुकानात मिरवलास आणि लंबू म्हणाला, "मामा, आता टेनिस खेळणार काय?" त्याच आठवड्यात बोटीवरच्या मित्राचा निरोप आला होता, लांबच्या फेरीसाठी. त्याला मी नाही म्हणालो. मी, मामा! ज्याच्या पायाला भिंगरी म्हणून तूच हे नाव ठेवलंस, तो मी एक कपाट विकत घेऊन आलो. जन्मात पहिल्यांदा माझे कपडे पिशवीतून बाहेर येऊन घडीवर घडी बसले. मामी त्या कपाटाला बघून डोळे पुसत होती, आणि मी म्हटलं, अगं मामी, साधं पत्र्याचं आहे.

काम इतकं छान चाललं की मलाच नवल वाटायचं. एकही खुर्ची परत येईना. सोमवारी सगळे उभे राहायचे, मी विचारायचो काय बिघडलं, आणि सगळे पायाकडे बघायचे. काही नाही बिघडलं. मी म्हणायचो, वा! मला ते पायाकडे बघणं लाजणं वाटायचं. माझी अक्कल बघ.

शेजारचा बेकरीवाला हे सगळं बघत होता. एकदा पाव द्यायला आला आणि कठड्यावर बसून म्हणाला, "मलाही शिकव रे हे. पोरीचं बाळंतपण आहे, मला जायचंय, पण भट्टी सोडवत नाही." मी त्याला तुझं उदाहरण देऊन पटवलं. गेला बिचारा, खरंच गेला. पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे पाव जळाले, एक दिवस मीठच पडलं नाही, दुकानासमोर लोक ओरडत होते. त्याच्या भट्टीवाल्यानं रडवेला होऊन फोन केला तर तो तिकडून म्हणाला, "जळू दे. उद्या कमी जळेल." मला मनातून जरा हसू आलं होतं. म्हटलं, यांना अजून जमत नाही, आमच्याकडे बघा.

मग ती दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीतली खुर्ची आली. तिला काही झालं नव्हतं. कुणा पेशंटच्या हातून शाई सांडली होती, नुसतं कापड बदलायचं होतं. ती माझी खुर्ची होती, मामा, मी पहिल्यांदा पूर्ण बांधलेली. स्प्रिंगा दोरीनं बांधताना माझी बोटं सोलवटली होती, आणि तू बघून म्हणाला होतास, "छान ताण बसलाय." बसवल्यावर डॉक्टरीणबाईंनी बसून बघितलं आणि मला 'थँक्यू' म्हटलं तेव्हा मी घरी येईपर्यंत शीळ घालत होतो. तर कापड उसवलं, गोणपाट बाजूला केलं, आणि आत बघतच राहिलो. सगळ्या गाठी डावीकडून घेतलेल्या. अख्ख्या दुकानात डावरा एकटा तू. तुझी गाठ उलटी वळते, शेपूट आत दडवलेलं असतं, ती मी लहानपणापासून ओळखतो. माझी एक गाठ शिल्लक नव्हती. एकसुद्धा. नुसती घट्ट केली असतीस तरी चाललं असतं. तू माझं सगळं कापून टाकून पहिल्यापासून बांधलं होतंस.

मी वेड्यासारखा दुकानातल्या खुर्च्या उघडत सुटलो. न्यायला तयार असलेला आक्काचा सोफा उघडला, त्यात तुझ्या गाठी. लंबूचं स्टूल उलटं केलं, त्याचे खिळे उपटून नव्यानं ठोकलेले. ती दोघं बघत उभी होती. आक्का म्हणाली, "अरे, आम्हाला वाटलं तुला माहीत असेल." मी म्हटलं, काय माहीत असेल? तेव्हा लंबू बोलला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणून जास्त लागलं. "मामा रोज पहाटे येतात ना मागच्या दारानं. म्हणाले, पोरगं खूश आहे, राहू दे खूश. निदान एका जागी टिकलंय."

घरी आलो. मामी ओट्याशी बसून तुझ्या पांढऱ्या बुटांच्या तळव्यातला काथ्या सुरीच्या टोकानं काढत होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "बागेत काथ्या उगवत नाही एवढं मलाही कळतं. पण घरी आल्यावर गाणं म्हणतात रे ते, म्हणून गप्प बसले." म्हणजे तीही. मग तू आलास. माझ्या हातात तो दोरीचा तुकडा होता, तुझी गाठ असलेला. तू तो बघितलास, माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, "चहा घेतोस?" मामा, तू काहीही म्हणाला असतास तरी चाललं असतं. रागावला असतास, माझ्या गाठी रद्दड होत्या म्हणाला असतास, तरी मी बसलो असतो. पण तू चहा विचारलास, घरी आलेल्या पाहुण्याला विचारतात तसा. मी पिशवी भरली. कपाट तिथंच राहिलं.

इथं आल्यावर बरेच दिवस मला वाटत होतं की तू मला फसवलंस याचा राग आहे. तो आहेच. आपलाच मामा आपल्याला लहान मुलासारखं खेळणं देतो आणि आपण ते घेऊन गल्लीभर मिरवतो, ही लाज काही लवकर जात नाही. पण काल पावाचा तुकडा चहात बुडवताना बेकरीवाला आठवला. त्यानं त्याच्या माणसांना पाव जाळू दिले. ते ओशाळले, शिव्या खाल्ल्या, आणि मी निघालो तेव्हा त्यांचा पाव त्याच्यापेक्षा हलका व्हायला लागला होता. आम्हाला तू जाळूच दिलं नाहीस. आमच्या चुका आम्हाला दिसायच्या आत तू पहाटे येऊन चोरून नेल्यास. आक्का इतकी वर्षं तुझ्याकडे आहे आणि तिला अजून माहीत नाही की तिची गाठ कुठे सैल पडते. मलाही माहीत नाही. मी चांगला कारागीर झालो असतो की नसतो, हे मला आता कधी कळणार? ते तू नेलंस. दुकान नेलं असतंस तरी इतकं वाटलं नसतं, दुकान तुझंच होतं.

आता पत्र का लिहिलं ते. तुझ्या चिमणीचा फोन आला होता. बाप पडल्यावर लेकीचा आवाज कसा होतो ते ऐकलं आणि मी आधी घाबरलो, मग तिनं सांगितलं की पाय प्लास्टरमध्ये आहे, बाकी ठीक. दुकानाच्या मागच्या पायरीवरून घसरलास म्हणे, पहाटेच्या अंधुक उजेडात. म्हणजे मी गेल्यावरही चालूच होतं. ती म्हणाली, "बाबा म्हणतात, भिंगरीला बोलव, आता मी खरंच बाजूला होतो." मी तिला म्हटलं, उत्तर बाबांनाच लिहितो. तर ऐक. मी येणार नाही. पडल्यावर बाजूला होणं याला बाजूला होणं म्हणत नाहीत, मामा. उभं राहता येत असताना व्हायचं होतं. आणि मला बोलावतोस ते पुन्हा माझं नाव पुढे करून मागून गाठी मारायला, एवढं मी आता ओळखतो. दुकान आक्काला दे. ती माझ्यापेक्षा हुशार आहे आणि तुझ्या हातावर फटका मारायची तिला सवय आहे. तू पाय लांब करून दारात बस. तिची एखादी खुर्ची वाकडी बांधली जाईल, तुला ती दुरून दिसेल, तुझे हात शिवशिवतील. ती तशीच जाऊ दे. काही दिवसांनी गिऱ्हाईक ती खुर्ची परत घेऊन येईल, सवयीनं तुझ्यासमोर ठेवेल आणि म्हणेल, मामा, हे काय? तेव्हा काही बोलू नकोस, आक्काकडे बोट दाखव आणि तिला ती तिच्या हातानं उघडू दे. त्या दिवशी मला फोन कर. येईन असं म्हणत नाही. पण उचलेन.

तुझाच,
भिंगरी