स्टुलावरचा म्हातारा

१२ सप्टेंबर १९८५

टीव्हीतला खोकरा गेला! त्याच्या स्टुलावर आज दुसराच म्हातारा. लाल नाकाचा, पोट सुटलेला. बोटीच्या धक्क्यावरची तीच चहाची खोली, तीच जाडी मालकीण, पत्र्याचा मगही तोच. मालकिणीनं मग आदळला आणि बघणारे खो खो हसले. अरे, इतके दिवस इथं बसत होता तो कुठं गेला? एकानं तरी विचारावं!

टीव्हीतलं भरभर इंग्रजी मला कळत नाही, नातीचं सोपं तेवढं कळतं. माणसं कळतात. खोकरा खोकत खोकत, मगात बघून बोलायचा, आपण हसायचा नाही, दुसऱ्यांना हसवायचा. हा लालनाक्या बोलायच्या आधी स्वतःच हसतो.

"ही इज द न्यू वन, आजी," इमेल्डा म्हणाली. माझी नात, सात वर्षांची. मराठी सगळी कळते, उत्तर मात्र इंग्रजीत. म्हटलं, दिसतंय मला, डोळे आहेत. "डू यू लाइक हिम?" म्हटलं, नाही. तिनं माझ्याकडे असं रोखून पाहिलं की मी उगाच पदर सावरला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

माझ्या लेकाला, कामिलला, सुट्टी; इथं आखातात ती शुक्रवारी. त्याचा गोरा साहेब दोन वर्षांपूर्वीच विलायतेला परत गेला, जाताना कॅसेटचं खोकं ह्याला देऊन. साहेबाची बहीण तिकडच्या टीव्हीवरून भरून पाठवायची. बारा-तेरा वर्षं चाललाय म्हणे हा खेळ!

"पहिला नट वारला, आय. म्हणून दुसरा आणला."

"कामिल, हळू!" नोरा स्वयंपाकघरातून. सुनेचे डोळे एवढे मोठे.

हळू कशाला, तर नोराची आई डोरोथी फेब्रुवारीत वारली. ह्याच हॉलमध्ये, टीव्हीसमोरच्या ह्या वेताच्या खुर्चीत. चार वर्षं इथं राहून पोरीला तिनंच वाढवलं. नोरा हॉस्पिटलात नर्स, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. पेटी विमानानं मुंबईला गेली आणि पोरीला सांगितलं, नॅना गावाला गेलीय. वांद्र्याच्या बाईला कसलं आलंय गाव!

मग मला आणलं. विमानतळावरून येताना गाडीतच बजावणं — आय, तू काही बोलायचं नाहीस.

मी जन्मात कधी गप्प बसले नाही. आता म्हातारपणी शिकतेय.

१७ सप्टेंबर

वेताची खुर्ची एसीच्या बरोबर खाली आहे. म्हणून गार लागते. एवढंच.

२४ सप्टेंबर

आज पोरीनं माझी परीक्षा घेतली, मी नापास. नॅना प्रत्येक विनोद समजावून सांगायची. नॅना आवाज काढायची. नॅना बघणाऱ्यांच्याही आधी हसायची. मी वसईहून सुकेळी आणलीत, आमच्या वाडीतली केळी वाळवलेली, मधासारखी. पोरीनं वास घेतला आणि परत ठेवली. "नॅना गेव्ह मी केक."

डोरोथी मला कधीच आवडली नाही. लग्नात माझ्या लुगड्याकडे बघून म्हणाली होती, "हाऊ स्वीट." अर्थ नंतर कळला. तेव्हा कळता तर तिथंच उत्तर दिलं असतं.

आणि आता मी तिच्या खाटेवर झोपते, तिच्या कपातून चहा पिते. लालनाक्याला उगाच नावं ठेवली. त्या बिचाऱ्यालाही कोणीतरी सांगितलं असेल — जा, बस तिथं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

खोकरा परत आला!!

पोरीनं कॅसेट लावली, आणि तो बसलेला. तीच टोपी, तोच खोकला. माझ्या अंगावर काटा. कामिल म्हणाला, जुनी कॅसेट आहे आय, मागचं पुढे झालंय. ते मलाही कळतं. पण मेलेला माणूस समोर बसून चहा फुंकतोय हे बघायला बरं वाटतं का कोणाला?

पोरगी टीव्हीकडे बघतच नव्हती. आईकडे बघत होती. "सी, मम्मी? ही केम बॅक! नॅना विल ऑल्सो कम." मग माझ्याकडे वळून, अगदी अदबीनं — "देन आजी कॅन गो होम."

नोरा हसली. फार मोठ्यानं हसली. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

मला राग आला नाही. मला कुठं इथं राहायची हौस आहे!

११ ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा खोकरा. एक लक्षात आलं — मी एकटी असले की लालनाक्या, नाहीतर त्याच्यानंतर आणलेला तिसरा म्हातारा. नोरा बसली की खोकरा. मशीन पोरगीच चालवते. मी विचारलं, मला का गं दाखवत नाहीस त्याला?

"दॅट्स फॉर मम्मी."

पक्की आहे! आईच्या मागे लागलीय, नॅनाला बोलाव म्हणून. तोंडानं मागत नाही, कॅसेटनं मागते.

१६ ऑक्टोबर

कामिलला विचारलं, हसणारी माणसं दिसत का नाहीत? म्हणाला, नाटकाला बसतात तशी समोर बसलेली असतात, त्यांचा नुसता आवाज भरून घेतात.

"बारा वर्षांपूर्वीचा?"

"हो."

"म्हणजे त्यातलीही कितीतरी मेली असतील."

"आय, तू पण ना!"

तेव्हापासून ऐकवत नाही. अंधारात बसून मेलेली माणसं खिदळतात. त्यात एक बाई आहे, सगळ्यांच्या आधी हसते. दर वेळी. उगाच माझं लक्ष खुर्चीकडे जातं.

२२ ऑक्टोबर

तिसरा म्हातारा उंच, दात नवे बसवलेले. त्याला काहीच जमत नाही. चहाचा मग कसा धरावा हेही नाही. पण एक आहे — स्टुलावर बसायच्या आधी तो क्षणभर थांबतो. कोणाचं तरी आहे हे ठाऊक असल्यासारखा. लालनाक्या कधी थांबला नाही. म्हणून माझं मत तिसऱ्याला.

पोरगीही त्या वेताच्या खुर्चीला वळसा घालून जाते. कधी आपटत नाही, कधी वर चढत नाही. सात वर्षांचं पोर!

परवा नोराला गाठलं. "किती दिवस लपवणार हे?"

"ख्रिसमस होऊ दे, मम्मी."

"ईस्टर होऊ दे म्हणाली होतीस म्हणे."

"तिला सहन नाही होणार!"

"तिला की तुला?"

दोन दिवस बोलत नाही माझ्याशी. न बोलू दे.

२८ ऑक्टोबर

शेजारची रुकैया बिर्याणी घेऊन आली. हैदराबादची, डोळे पाणावायला काही लागत नाही तिला. डोरोथी गेली त्या दिवशीचं तिनं सांगितलं, हे घरात कोणी बोललं नव्हतं मला. शाळा लवकर सुटली होती. नोरा ड्यूटीवर, कामिल ऑफिसात. टीव्हीचा आवाज फार मोठा, म्हणून रुकैयानं दार ढकललं. डोरोथी खुर्चीत, मान कलंडलेली. पोरगी पायाशी बसलेली, डोरोथीचा हात आपल्या डोक्यावर घेऊन. आणि टीव्हीवर सगळे हसताहेत.

"बच्ची बोली, श्श, नानी सो रही है."

बरं झालं, म्हणे रुकैया, बच्चीला काही समजलं नाही. तिनं पोरीला आपल्या घरी नेलं. मग नोरा आली. मग ती गावाची गोष्ट.

बिर्याणी तशीच झाकून ठेवली. चांगली होती.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या मृतांचा दिवस. वसईला असते तर आज आमच्या म्हाताऱ्याची, कामिलच्या बापाची, कबर धुतली असती, झेंडू वाहिला असता. इथं घरातच काय ते. नोराला म्हटलं, तुझ्या आईच्या नावानं मेणबत्ती लावते. "नको! इमेल्डा विचारेल."

विचारू दे की. ज्या बाईच्या कपातून चहा पिते तिला एक मेणबत्ती लावायची नाही? टीव्हीतले ते दोघे म्हातारे बरे, मेलेल्याच्या जागी गप्प बसायचा त्यांना पगार तरी मिळतो.

आज परत खोकरा लावला पोरीनं. नोरा हसत होती. पोरगी आईचं हसणं बघत होती, दूध उतू जाईल म्हणून बघत राहावं तशी.

२ नोव्हेंबर

लावली मेणबत्ती. स्वयंपाकघरात, ओट्यावर. नोरा रात्रपाळी करून आत झोपलेली. पोरगी शाळेतून आली, दप्तर खाली न ठेवता विचारलं, कोणाची. सांगून टाकलं — तुझ्या नॅनाची. नॅना मेली बाळा, फेब्रुवारीत. गावाबिवाला गेली नाही. येणार नाही.

रडली नाही. मान हलवली, ठाऊक असल्यासारखी. मग आतल्या बंद दाराकडे पाहिलं, माझा पदर धरून मला खाली वाकवलं, आणि कानात, पहिल्यांदाच मराठीत म्हणाली —

"मम्मीला माहीत आहे?"