सात आठे चोपन्न

राजमान्य राजेश्री आनंदराव मेहुणे यांस वाडीहून सावळारामाचा रामराम. तुमचा गुडघा आता कसा आहे? तुमच्या अक्काने कळवलेला तेलाचा उपाय केला नसेल तर करू नका. मी केला होता. वहिनींस नमस्कार, पिंकीस आशीर्वाद. यानंतर 'इकडे सर्व खुशाल आहे' असे लिहायची रीत आहे, पण ते मी लिहिणार नाही. ते खोटे होईल, आणि आमच्या घरात हल्ली खोटे खपत नाही. का खपत नाही, त्यासाठीच हे पत्र. मोबाईलवर बोललो असतो, पण माझे बोलणे नात प्रगती ऐकते आणि मध्येच दुरुस्त करते.

तर विषय शाळेतल्या संजीवनी मॅडमचा. त्यांना इथून हलवावे म्हणून मी शाळा समितीचा अध्यक्ष या नात्याने अर्ज केला होता, तो तुम्हीच भोरला तुमच्या कचेरीत शिक्षण खात्याच्या साहेबांच्या टेबलावर सगळ्यात वर ठेवलात. (उपकार विसरलेलो नाही. इंद्रायणी तांदूळ पाठवतो म्हणालो होतो, तो पाठवणार आहे.) पण त्या अर्जात जागा कमी होती, म्हणून सगळी हकिकत इथे सविस्तर सांगतो. मला सांगा आनंदराव, चांगला मास्तर कुणाला म्हणायचे? मी उभी हयात एस.टी.त कंडक्टरकी केली. भरलेल्या गाडीत माणसे कशी सांभाळायची हे मला कुणी शिकवायला नको. ज्याने त्याने आपल्या जागेवर बसायचे, पुढे बघायचे आणि घंटी वाजल्याशिवाय उतरायचे नाही. शाळेत तरी याहून वेगळे काय असते? आधीचे गुरुजी असे होते. त्यांच्या वर्गात इतकी शांतता असायची की एकदा हैबती धनगराची शेळी आत शिरली, भिंतीवरचा फळांचा तक्ता आंब्यापासून सीताफळापर्यंत खाऊन गेली, आणि एका पोराने हूं की चूं केले नाही. बोलायला सांगितलेच नव्हते ना! याला म्हणतात शिस्त. (गुरुजी त्या वेळी वर्गातच होते. पेपर वाचत होते.)

आणि या मॅडम! आल्यापासून शाळेत बाजार भरल्यासारखा गलका. म्हटले, अध्यक्ष आहोत, आत जाऊन बघावे. गेलो तर फळ्यावर मोठ्या अक्षरात काय लिहिले होते? सात आठे चोपन्न. माझे डोके फिरले. सरकार पगार देते आणि बाईंना पाढे येत नाहीत! मी दारातूनच ओरडलो की बाई, सात आठे छप्पन होतात, निदान पोरांकडून तरी शिकून घ्या. त्यावर अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. "आबांना घावली! आबांना घावली!" म्हणून पोरे बाकांवर नाचायला लागली. मग उलगडा झाला, की या बाई रोज फळ्यावर एक चूक मुद्दाम लिहितात आणि ती पोरांनी शोधायची असते. जो शोधेल त्याला एक चिंचोका. मॅडमनी हसत हसत माझ्या तळहातावर चिंचोका ठेवला. मला, ज्याने नोकरीत कधी एक रुपयाचा हिशेब चुकवला नाही, त्याला चिंचोका! मी तो फेकणार होतो, पण पुरावा म्हणून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि त्याच दिवशी अर्ज लिहिला.

आता तुम्ही म्हणाल, शाळेतली चूक शाळेत राहील. राहते कुठे! पोरांना चटक लागली आहे. आमची प्रगती पूर्वी कशी होती हे तुम्ही पाहिले आहे. पाहुणे आले की धान्याच्या कणगीच्या मागे जाऊन बसायची, नाव विचारले तरी आजीच्या पदरात तोंड घालायची. मुलगा-सून वरवे गावाकडे कंपनीत कामाला, पोर आमच्याकडे, म्हणून मला काळजी असायची की हिचे पुढे कसे व्हायचे. आता कणगीमागची जागा मोकळी आहे आणि काळजी आमची आम्हालाच करायची वेळ आली आहे. परवा शेजारची अंबूबाई सांगत होती की तिच्या भावाने नागाला वाटीभर दूध पाजले. प्रगतीने भाकरी खाली ठेवून हात वर केला. "आजे, हितं चूक हाय. नाग दूध पीत न्हाई." अंबूबाई उठून गेली ती अजून आलेली नाही. (तुमची अक्का म्हणते बरे झाले, पण तो मुद्दा वेगळा.)

पण माझा खरा अपमान झाला तो सव्वीस जानेवारीला. माझे झेंड्यापुढचे भाषण ऐकायला खालच्या गावची माणसेसुद्धा येतात हे तुम्हाला माहीत आहे. (नंतर जिलेबी असते, पण तेवढ्यासाठी कोणी घाट चढत नाही.) मी आवाज लावला आणि म्हणालो, आजच्याच दिवशी आपला देश स्वतंत्र झाला. पुढचे वाक्य तोंडात होते तोवर सगळ्या शाळेचे हात वर. आणि पुढे कोण उभी राहिली? माझीच नात. "आबा, स्वतंत्र पंधरा ऑगस्टला झाला. आज संविधान लागू झालं." सरपंच माझ्याकडे बघतात, मी झेंड्याकडे बघतो. कंडक्टरला गर्दीत डोके चालवावे लागते, म्हणून म्हणालो, शाबास, ही आजची चूक मी मुद्दाम केली होती. झाले! "मग चिंचोका द्या," म्हणून प्रगतीने सगळ्यांसमोर हात पुढे केला. खिशात पुराव्याचा होता तो द्यावा लागला.

त्यानंतर तुमचे साहेब चौकशीला आले. आता बाईंची खोड मोडणार म्हणून मी नवा सदरा घालून पहिल्या बाकावर बसलो. साहेबांनी 'प्रभावी शिक्षकाचे पाच गुण' या विषयावर भाषण दिले आणि फळ्यावर लिहूनही दाखवले. खणखणीत आवाज, सुंदर अक्षर, कडक शिस्त, वेळेवर पूर्ण होणारा पाठ. खडू खाली ठेवला. तर हैबतीचा भिमा उठला. "सायेब, पाच म्हणला न्हवं? चारच लिवलं. पाचवा कंचा?" साहेबांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. पाचवा सापडेना. आणि आनंदराव, तेवढ्यात पुन्हा आमच्याच कार्टीचा हात वर. "सायेब, आमी सांगू का? आमी चूक काढली तरी आमच्या मॅडम रागवत न्हाईत." साहेब मात्र रागावले. चहा न घेता गाडीत बसले. अशा बाईंना शाळेत ठेवावे का, हे तुम्हीच सांगा.

तुमचा नित्य हितचिंतक,
सावळाराम (दाजी)

ता.क. – वरचे सगळे सोमवारी लिहिले होते. आज मॅडमना दुसऱ्या शाळेवर पाठवल्याचा हुकूम आला. माझ्या अर्जाचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. त्यांच्या जागी जुने गुरुजी परत येत आहेत. म्हणजे मी जिंकलो. रात्री जेवताना मी म्हणालो की पानशेतचे धरण भोर तालुक्यात आहे. मुद्दाम चुकीचे म्हणालो. प्रगतीने वर पाहिलेसुद्धा नाही. मग म्हणालो, सात आठे चोपन्न. तरी मान खाली. जेवण झाल्यावर पोर कणगीमागे जाऊन बसली. आनंदराव, मला ते बघवले नाही. साहेबांचे पाय धरा, माझा अर्ज खोटा होता म्हणा, दाजीचे डोके फिरले होते म्हणा, पण तो हुकूम मागे घ्यायला लावा. तांदूळ दुप्पट पाठवतो.

ता.क. २ – पाकीट चिकटवताना प्रगतीने पत्र मागितले. कणगीमागे बसूनच सगळे वाचले आणि बाहेर येऊन म्हणाली, "आबा, हितं चूक हाय." विचारले, कुठे? तर म्हणाली, "तुमी शोधा." मी म्हणालो, शोधली, तो अर्जच चूक होता, वरच्या ता.क.मध्ये लिहिले आहे. आता चिंचोका दे. तर म्हणते, "आता न्हाई. मॅडम परत आल्या का मग." तेव्हा गुडघा दुखत असला तरी उद्याच साहेबांकडे जा.